दोन ढिगांचा प्रश्न

नागपूरच्या कळमना बाजारात पावसाळा सरला की आंबिया बहराची संत्री येऊ लागतात, आणि फेब्रुवारीनंतर मृग बहराची. आवारात ढीग लागतात, ढिगाभोवती माणसे जमतात, लिलाव होतो आणि टनामागे भाव ठरतो. घेणारा दोन-चार फळे हातात घेऊन आकार, रंग, साल पाहतो आणि शेजारच्या ढिगापेक्षा हा ढीग सरस की निकस हे क्षणात ठरवून टाकतो. समजा, नववीतल्या एका विद्यार्थिनीने हाच प्रश्न विज्ञान प्रकल्पासाठी घेतला. तिने दोन ढिगांतली काही फळे तागडीवर ठेवली, वजने वहीत लिहिली, सरासरी काढली. एका ढिगाची सरासरी दुसऱ्यापेक्षा २२ ग्रॅमने जास्त निघाली. आता ती शिक्षकांकडे येऊन विचारते, "सर, कोणती चाचणी लावू?"

हा प्रश्न जवळजवळ नेहमी प्रकल्पाच्या शेवटच्या आठवड्यात विचारला जातो. १९९३ साली राष्ट्रीय बालविज्ञान परिषद सुरू झाल्यापासून शाळाशाळांतली मुले मोजमापे करू लागली, वह्या आकड्यांनी भरू लागल्या. पण त्या आकड्यांचे पुढे काय करायचे हे मात्र मागाहून पाहू असे म्हटले जाते. मग संख्याशास्त्राच्या पुस्तकातले कोष्टक उघडायचे. 'दोन गट, सरासरींची तुलना' या ओळीसमोर 'टी-चाचणी' असे छापलेले असते. सूत्रात आकडे घातले की काम झाले.

कोष्टक चुकीचे नसते. पण त्या एका ओळीमागे चाळीस वर्षांची खटपट आहे. कोणी तरी कुठे तरी अडले, म्हणून त्या ओळीचे आणखी दोन-तीन फाटे फुटले. त्यातला एक फाटा वाटेल तेव्हा वापरता येईल असा करण्यात सातारा जिल्ह्यातल्या एका माणसाचा मोठा हात होता. ही हकिगत ठाऊक असली तर विद्यार्थिनीला कोणती चाचणी सांगायची, आणि त्याआधी तिला उलट काय विचारायचे, हे ठरवणे सोपे जाते.

'विद्यार्थी' नावाचा रसायनतज्ज्ञ

विल्यम सीली गॉसेट (१८७६–१९३७) हा ऑक्सफर्डला शिकलेला रसायनतज्ज्ञ. १८९९ साली तो डब्लिनच्या गिनेस या मद्य कारखान्यात नोकरीला लागला. तिथे त्याच्यापुढे बार्लीचे वाण, हॉप्सची प्रत, किण्वनाची घडी असे प्रश्न येत. प्रयोग खर्चाचे आणि वेळखाऊ, त्यामुळे हाती आकडे येत ते चार, सहा, फार तर दहा. त्या काळचे संख्याशास्त्र शेकडो आणि हजारो निरीक्षणांसाठी घडलेले होते. नमुना मोठा असला की नमुन्यावरून काढलेले प्रमाण विचलन हेच खऱ्या समूहाचे प्रमाण विचलन मानायला हरकत नसते. चार निरीक्षणांवरून काढलेले प्रमाण विचलन मात्र स्वतःच डळमळीत असते. ते पक्के धरून चालले की नसलेला फरकही दिसू लागतो.

गॉसेट १९०६–०७ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात कार्ल पिअर्सन यांच्याकडे राहिला आणि १९०८ साली त्याने आपला निबंध 'बायोमेट्रिका' या नियतकालिकात छापला. कारखान्याला आपल्या नोकरांनी नावानिशी लेखन करणे मान्य नसल्याने लेखकाचे नाव होते 'स्टुडंट', म्हणजे विद्यार्थी. आपले गणित बरोबर आहे का हे पडताळण्यासाठी त्याने जे केले ते शाळेतही करता येईल असे आहे. ३,००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी यांची मोजमापे त्याला छापील मिळाली. ती त्याने पुठ्ठ्याच्या ३,००० तुकड्यांवर लिहिली, तुकडे नीट पिसले आणि चार-चारांचे ७५० नमुने केले. प्रत्येक नमुन्याची सरासरी आणि प्रमाण विचलन काढून त्यांचे वितरण आपल्या सूत्राशी जुळते का ते पाहिले. ते चांगले जुळले.

टी-चाचणीचे सार एका वाक्यात असे सांगता येते: सरासरींतला फरक घ्यावा, त्या फरकात निव्वळ योगायोगाने किती चढउतार व्हावा त्या मापाने त्याला भागावे, आणि भागाकार किती मोठा आला ते पाहावे. किती मोठा म्हणजे पुरेसा मोठा, हे नमुन्याच्या आकारावर अवलंबून असते. हे गॉसेटने दाखवले आणि पुढे आर. ए. फिशर यांनी त्याला आजचे रूप दिले. फिशर यांच्या १९२५ सालच्या पुस्तकामुळे ही चाचणी जगभर पोचली. आपली खरी अडचण त्या 'मापा'पाशी आहे. ते माप काढण्याची रीत एकच नाही.

तेच वीस आकडे

गॉसेटच्या १९०८ च्या निबंधातच एक प्रसिद्ध उदाहरण आहे. कुश्नी आणि पीबल्स या दोघांनी १९०५ साली झोपेच्या औषधांविषयी काही निरीक्षणे प्रसिद्ध केली होती. दहा रुग्णांना आळीपाळीने वेगवेगळी औषधे दिली आणि प्रत्येक औषधाने किती तास झोप वाढली ते नोंदवले. (गॉसेटच्या निबंधात औषधांची नावे चुकली आणि ती चूक फिशर यांच्या पुस्तकातही तशीच उतरली. आकडे मात्र शाबूत राहिले.) पहिल्या औषधाने दहा रुग्णांची झोप सरासरी ०.७५ तास वाढली, दुसऱ्याने २.३३ तास. फरक १.५८ तासांचा.

आता हे दहा आणि ते दहा असे दोन स्वतंत्र गट आहेत असे समजून टी काढला तर उत्तर १.८६ येते. पाच टक्क्यांच्या पातळीवर २.१० च्या पुढे जायला हवे होते. म्हणजे फरक सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. पण हे गट स्वतंत्र नाहीत. दोन्ही औषधे त्याच दहा माणसांना दिली आहेत. म्हणून प्रत्येक माणसाचा स्वतःचा फरक काढावा: १.२, २.४, १.३, १.३, ०, १.०, १.८, ०.८, ४.६, १.४. या दहा फरकांवर टी काढला की तो ४.०६ येतो आणि मर्यादा आहे २.२६. निष्कर्ष पार उलटा झाला.

वीस आकडे तेच आणि दोन्ही वेळा बेरीज-वजाबाकीही बरोबर. मग फरक कुठून आला? काही माणसे कोणत्याही औषधाने जास्त झोपतात, काही कशानेच झोपत नाहीत. माणसामाणसांतला हा फरक पहिल्या रीतीत मापात मिसळून जातो आणि औषधांतला फरक झाकून टाकतो. दुसऱ्या रीतीत प्रत्येकाची तुलना त्याच्याशीच होते, म्हणून तो वजा होऊन जातो.

कळमन्यात याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. तुरीचा भाव कळमन्यात जास्त मिळतो की अमरावतीच्या बाजारात, असा प्रकल्प एखादा विद्यार्थी घेईल. दोन्हीकडचे दहा-दहा दिवसांचे भाव तो टिपून आणील. भाव दिवसागणिक चढतो-उतरतो आणि साधारणपणे दोन्हीकडे बरोबरच. तेव्हा त्याने त्याच दहा तारखांचे भाव घेतले असतील तर जोडीची चाचणी लावता येईल. एका बाजाराचे भाव पहिल्या पंधरवड्यातले आणि दुसऱ्याचे पुढच्या पंधरवड्यातले घेतले असतील, तर जोड्या लावता येत नाहीत आणि मागाहून त्या कोणत्याही सूत्राने तयार होत नाहीत. शिवाय बाजारांतला फरक आणि पंधरवड्यांतला फरक एकमेकांत मिसळून जातो तो वेगळाच. चाचणीची निवड इथे तारखा ठरवतानाच झालेली असते. विद्यार्थ्याला मात्र ती महिनाभराने कळते.

निवडलेली पेटी आणि न निवडलेला ढीग

आता पुन्हा आपल्या विद्यार्थिनीकडे येऊ. तिच्या फळांच्या जोड्या नाहीत. मग साधी टी-चाचणी लावावी का?

त्या चाचणीत दोन्ही गटांची विचलने एकत्र करून एकच सामाईक विचलन काढतात. दोन्ही समूहांतला विखुरलेपणा सारखाच आहे असे त्यात गृहीत आहे. आकारानुसार निवडून भरलेल्या पेटीतली फळे जवळजवळ एका वजनाची असतात. न निवडलेल्या ढिगात मात्र लिंबाएवढ्या फळापासून ओंजळभर फळापर्यंत सगळे असते. समजा, ढिगातली ७ फळे तोलली आणि त्यांचे प्रमाण विचलन ४० ग्रॅम आले. पेटीतली २५ तोलली, त्यांचे १० ग्रॅम आले. आणि सरासरींत २२ ग्रॅमचा फरक आहे. हे आकडे मी हिशेबासाठी कल्पिले आहेत. साध्या चाचणीने सामाईक विचलन बरोबर २० ग्रॅम येते आणि टी येतो २.५७. मर्यादा २.०४ आहे, तेव्हा फरक 'सार्थ' ठरतो. पण पेटीतल्या २५ सारख्या फळांनी ढिगाच्या विखुरलेपणावर पांघरूण घातले. ढिगाची सरासरी अवघ्या ७ फळांवर उभी आहे आणि ती फळे फार विखुरलेली आहेत. दोन गटांची विचलने वेगळी ठेवून हिशेब केला तर टी १.४४ वर येतो आणि मर्यादा सुमारे २.४ वर जाते. म्हणजे एवढ्या पुराव्यावर काहीच म्हणता येत नाही.

या अडचणीवर पहिला उपाय एका जर्मन शेतीसंशोधकाने सुचवला. त्याचे नाव बेरेन्स आणि साल १९२९. फिशर यांनी १९३५ मध्ये तो उचलून धरला आणि आपल्या नव्या तर्कपद्धतीत बसवला. लगेच वाद उभा राहिला. १९३६ मध्ये बार्टलेट यांनी आक्षेप घेतला. नेमन आणि एगॉन पिअर्सन यांचा संप्रदाय तर फिशर यांच्या तर्कालाच मान्यता द्यायला तयार नव्हता. दोन्ही पक्ष लंडनच्या त्याच युनिव्हर्सिटी कॉलेजात होते.

या घरभांडणाच्या ऐन काळात तिथे पांडुरंग वासुदेव सुखात्मे शिकत होते. सातारा जिल्ह्यातले बुध हे त्यांचे जन्मगाव, जन्म २७ जुलै १९११ चा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ साली पदवी घेऊन ते लंडनला गेले आणि १९३६ मध्ये त्यांना पीएच. डी. मिळाली. शिक्षण नेमन-पिअर्सन यांच्या विभागात झाले, पण हा प्रश्न त्यांनी फिशर यांच्या बाजूने हाताळला. बेरेन्स-फिशर चाचणी कागदावर होती, वापरणाऱ्याला मात्र तिचा उपयोग नव्हता, कारण मर्यादांचे कोष्टकच नव्हते. सुखात्मे यांनी ते आकडेमोड करून तयार केले. १९३८ साली ते महालनोबिस यांच्या 'सांख्य' या कोलकात्याच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि पुढे फिशर व येट्स यांच्या जगप्रसिद्ध कोष्टकसंग्रहात त्याला जागा मिळाली. संगणकाच्या आधीच्या काळात अशा कोष्टकाचे मोल काय होते, ते लॉगॅरिथमची पुस्तिका घेऊन वाढलेल्या शिक्षकांना सांगायला नको.

त्याच १९३८ साली वेल्च या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूने हात घातला आणि १९४७ मध्ये आपली पद्धत पूर्णत्वाला नेली. आज संगणकावर 'असमान विचलने' असा पर्याय निवडला की बहुधा वेल्च यांची रीत चालते, आणि वरच्या उदाहरणातला २.४ हा आकडाही तिच्याच हिशेबाचा आहे. तर्काच्या पायाबद्दल पंडितांचे अजून एकमत नाही. प्रकल्प करणाऱ्या मुलांना त्या वादात ओढण्याचे कारण नाही. दोन गटांची विचलने फार वेगळी असतील आणि गटांचे आकारही वेगळे असतील, तर ती एकत्र करू नयेत, एवढे पुरे आहे. माझ्या मते तर शाळेच्या प्रकल्पात असमान विचलनांची रीतच आधी शिकवावी. विचलने खरोखर सारखी निघाली तरी तिने फारसे काही बिघडत नाही.

आकडे मोजमापांचे नसून नुसत्या संख्या असतील, म्हणजे डागी फळे किती आणि बिनडागी किती, तर टी-चाचणीचे कामच नाही. तिथे कार्ल पिअर्सन यांची १९०० सालची काय-वर्ग चाचणी हवी. आणि चवीला पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक दिले असतील तर १९४५ साली विल्कॉक्सन या रसायनतज्ज्ञाने दिलेली क्रमांकांवरची चाचणी किंवा तिच्या बहिणी. हे फाटे ओळखणे सोपे आहे, कारण वही उघडली की आकड्यांचा प्रकार दिसतोच. जोडी आणि विखुरलेपणा हे मात्र विचारल्याशिवाय दिसत नाहीत.

शेतातला चौकोन

सुखात्मे १९४० मध्ये शेती संशोधनाच्या मध्यवर्ती परिषदेत आले. त्यानंतर त्यांनी हाती घेतलेला प्रश्न चाचणीच्याही आधीचा होता. देशात गहू-भात नेमका किती पिकतो? तोवरचे अंदाज गावकामगारांच्या 'आणेवारी'वर, म्हणजे नजरेवर चालत. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतर असल्या अंदाजांवर विसंबणे परवडणारे नव्हते. यादृच्छिक पद्धतीने शेते निवडायची, प्रत्येक शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापून तोलायचे, ही पीककापणीची पद्धत हबक यांनी १९२० च्या दशकात बिहार-ओरिसात वापरून दाखवली होती. आपल्याकडे नागपूरशी संबंध असलेले रॉथम्स्टेडचे अभ्यासक आर. जे. कळमकर आणि इंदूरचे व्ही. जी. पानसे यांनी १९४४ मध्ये 'करंट सायन्स'मधून पीक-अंदाजांविषयी लिहिले.

वाद पडला तो तुकड्याच्या आकारावरून. महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूने होते. लहान तुकडा लवकर कापून होतो, तेवढ्याच खर्चात पुष्कळ घेता येतात, आणि त्यांच्याजवळ त्यासाठी शिकवून तयार केलेली माणसे होती. सुखात्मे यांनी संयुक्त प्रांतात मोरादाबाद जिल्ह्यात गव्हावर वेगवेगळ्या आकारांचे तुकडे कापून पाहिले. तुकडा जितका लहान तितके एकरी उत्पन्न जास्त येते असे दिसले. १९४६ साली त्यांनी 'नेचर'मध्ये हे मांडले.

कारण सीमेवर आहे. दोरीवर आलेले रोप आत धरायचे की बाहेर? कापणाऱ्याचा हात ते आत घेण्याकडे झुकतो. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळात त्याने चहूकडून एक इंच जास्त घेतले, तर क्षेत्र साडेआठ टक्क्यांनी वाढते. ३३ फूट बाजूच्या चौरसात चहूकडून तेच एक इंच घेतले तर क्षेत्र एकच टक्का वाढते. नववीच्या वर्गात फळ्यावर करून पाहण्यासारखा हा हिशेब आहे. असे हजार लहान तुकडे कापले तरी चूक कमी होत नाही, कारण ती सगळ्यांत एकाच दिशेला आहे. उलट नमुना वाढला की प्रमाण त्रुटी घटते, टी फुगतो आणि चुकीचे उत्तर अधिक ठामपणे पुढे येते. महालनोबिस यांनी आपली आकडेवारी मांडून उत्तर दिले. वाद बराच चालला आणि त्यात कटुताही आली. सरकारी पीककापणीत मात्र मोठे तुकडे घेण्याची पद्धत रूढ झाली.

पानसे आणि सुखात्मे या दोघांनी मिळून शेती संशोधकांसाठी लिहिलेले संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ मध्ये निघाले. कृषी विद्यापीठांतल्या प्रबंधांमध्ये त्याचा उल्लेख आजही हमखास सापडतो. आणि पीककापणीचा प्रयोग आज नुसता अंदाजापुरता राहिलेला नाही. २०१६ पासूनच्या पंतप्रधान पीकविमा योजनेत परिमंडळाचे किंवा गावाचे उत्पन्न मुख्यतः याच कापणीवरून ठरते, आणि ते उंबरठा उत्पन्नापेक्षा खाली आले तर भरपाई मिळते. दोरीवरची रोपे आत घेतली की विदर्भातल्या एखाद्या गावातले सोयाबीन कागदावर बरे पिकते.

तेव्हा २२ ग्रॅमच्या फरकाबद्दल विद्यार्थिनीला पहिला प्रश्न विचारायचा तो असा: फळे ढिगाच्या कुठल्या भागातली घेतलीस? ढिगाच्या तोंडाशी चांगला माल दिसावा अशी रचना कोणीही करतो. धान्य घेणारा व्यापारी पोत्याच्या तोंडचे दाणे पाहून भाव करत नाही; तो लोखंडी नळी पोत्यात खोल खुपसून आतले दाणे काढतो. संत्र्यात नळी चालत नाही. पण लिलाव झाल्यावर ढीग टोपल्यांनी भरून हलवला जातो, तेव्हा आतली, खालची, कडेची सगळी फळे ओळीने बाहेर येतात. एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकून एक उचलावी. सात आली तर सातव्या, सत्ताविसाव्या, सत्तेचाळिसाव्या टोपलीपाशी थांबून, डोळे मिटून एकेक फळ मागून घ्यावे आणि जागच्या जागी तोलावे. दोन्ही ढिगांतून सारखीच, निदान वीस-वीस फळे घ्यावीत. आणि टोपल्या हलू लागण्याच्या आधीच वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून लिहून ठेवावे: जोड्या नाहीत, विचलने वेगळी ठेवायची, पातळी पाच टक्के.